प्रीसेट ही बखर आहे, अस्सल कागद नव्हे : डिजिटल ॲम्प आणि साधनचिकित्सा

१/ या मालिकेत आपण एरवी किल्ले, सनदा आणि लढाया यांच्याविषयी बोलतो. मागच्या धाग्यात आमच्या कळवणजवळच्या धोडप किल्ल्याचा आणि १७६८ साली तिथे झालेल्या माधवराव-रघुनाथराव संघर्षाचा मागोवा घेतला होता. आजचा विषय वाचून काहींना नवल वाटेल : डिजिटल मॉडेलिंग ॲम्प्लिफायरमधून गिटारचा चांगला टोन कसा काढावा? माझे मत असे की, हा प्रश्न ध्वनितंत्राचा जितका आहे तितकाच इतिहासाचा आहे. ज्याला साधनचिकित्सा येते त्याला हे यंत्र वश होते. ज्याला येत नाही तो शेकडो प्रीसेट पालथे घालूनही असमाधानीच राहतो.

२/ हे यंत्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेच्या कंपनातून निर्माण होणारा क्षीण विद्युतसंकेत पिकअप टिपतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर तो हवेत सोडतो. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर संकेताचा आकार बदलतो. त्या साऱ्या बदलांच्या बेरजेला वादक ‘टोन’ म्हणतात. मॉडेलिंग ॲम्प हेच बदल गणिताने घडवून आणतो. एका लहानशा पेटीत अनेक नामांकित ॲम्पांच्या प्रतिकृती असतात. बटण फिरवले की लंडनचा ॲम्प जातो आणि कॅलिफोर्नियाचा येतो.

३/ आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तालुक्यातल्या एका गावी आमच्या हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. घरी रात्री हेडफोन लावून मी एक प्रीसेट निवडला होता. भरगच्च खर्ज, काचेसारखी तार, मागे प्रशस्त सभागृहाचा घुमारा. मैदानात पहिल्याच गाण्याला तो टोन नाहीसा झाला. कीबोर्ड ऐकू येत होता, ऑक्टोपॅड ऐकू येत होता, संबळ तर पलीकडच्या वस्तीपर्यंत जात होता. माझ्या गिटारची मात्र एक अस्पष्ट गुणगुण उरली होती. मी आवाज वाढवला, तेव्हा गुणगुणीचा गोंगाट झाला.

४/ कार्यक्रम संपल्यावर संबळ वाजवणारे वृद्ध गृहस्थ वाद्याच्या दोऱ्या सैल करीत बसले होते. ते म्हणाले, “पोरा, तू वाद्य घरी लावून आणलंस. आम्ही इथं येऊन लावतो. इथली थंडी, इथली माणसं, इथलं मैदान बघून.” त्या वाक्याने मला जितके शिकवले तितके महिनाभर पाहिलेल्या चित्रफितींनी शिकवले नव्हते. आमच्या अभ्यासक्रमात याच तत्त्वाला एक भारदस्त नाव आहे : साधनाचा संदर्भ.

५/ १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लांग्लवा आणि सेन्योबोस या दोन अध्यापकांचा इतिहासपद्धतीवरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. दोन्हीकडचा आग्रह सारखाच होता. कागद हाती आला की आधी विचारावे : हा कोणी लिहिला, कुठे, केव्हा, कोणासाठी? त्यानंतरच त्यातला मजकूर मानावा किंवा नाकारावा. त्या रात्री घरी आल्यावर मी हेच प्रश्न माझ्या ॲम्पमधल्या प्रीसेटला विचारायला बसलो.

६/ पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, प्रीसेट ही बखर आहे. बखर म्हणजे असत्य, असा सरसकट शेरा मारण्याचे दिवस गेले. कृष्णाजी अनंत सभासदाने १७ व्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बसून राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिचा श्रोता आणि हेतू लक्षात घेऊन वाचली तर ती अनमोल आहे. प्रीसेटही कोणीतरी कोणासाठी तरी रचलेला असतो. बहुधा तो दुकानात एकट्याने वाजवणाऱ्या ग्राहकाला दोन मिनिटांत मोहवण्यासाठी असतो. म्हणून त्यात खर्ज जास्त, तार जास्त, घुमारा जास्त. तो खोटा नसतो, पण कळवणच्या मैदानासाठी तो लिहिलेला नसतो.

७/ तेव्हा बखर बाजूला ठेवून अस्सल कागदाकडे जाऊ. अस्सल कागद म्हणजे यंत्रात ज्याची प्रतिकृती आहे तो मूळ ॲम्प. इथे पहिला प्रश्न : कोण? तुमच्या यंत्रातल्या यादीत एखादे ‘ब्रिटिश’ आणि एखादे ‘अमेरिकन’ नाव असेलच. या दोन नावांमागे जी कथा आहे ती कळली की निम्मे काम होते. शिवाय ‘डिजिटल म्हणजे नक्कल, अस्सल ते व्हॉल्व्हचेच’ असे म्हणणाऱ्यांना उत्तरही त्याच कथेत सापडते.

८/ कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात ‘बासमन’ नावाचा ॲम्प काढला. नावाप्रमाणे तो बास गिटारसाठी होता. दशकाच्या अखेरीस त्यात दहा इंची चार स्पीकर होते आणि मागची बाजू उघडी होती. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवत. त्यांच्या तरुण गिऱ्हाइकांना अमेरिकन ॲम्प हवे होते, पण ते फार महाग पडत. १९६२ च्या सुमारास मार्शल आणि त्यांच्या तंत्रज्ञ सहकाऱ्यांनी बासमनचेच मंडल समोर ठेवून आपला पहिला ॲम्प बांधला : जेटीएम ४५.

९/ मंडल जवळजवळ तेच होते, पण सुटे भाग स्थानिक. व्हॉल्व्ह बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलले. स्पीकर सेलेस्टियन कंपनीचे, बारा इंची, चार, आणि मागून पूर्ण बंद असलेल्या पेटीत बसवलेले. एवढ्या बदलांनी आवाजाची जात बदलली. पुढच्या काळात रॉक संगीताचा जो ‘अस्सल ब्रिटिश’ टोन म्हणून जगाने डोक्यावर घेतला, तो जन्माने एका अमेरिकन बास ॲम्पची नक्कल होता. अस्सल आणि नक्कल यांची सीमारेषा इतकी ठळक नसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

१०/ यातून निघणारा व्यावहारिक धडा असा. ॲम्पचे मंडल सारखे असूनही स्पीकर आणि पेटी बदलल्यामुळे इतका फरक पडत असेल, तर टोन शोधताना आधी स्पीकरच्या प्रतिकृतीला हात घातला पाहिजे. नवशिका वादक तासन्‌तास गेन आणि ट्रेबल फिरवतो. त्याऐवजी ॲम्प तोच ठेवून दोन-तीन वेगळ्या पेट्या आणि मायक्रोफोनच्या जागा लावून पाहाव्यात. स्पीकरच्या मध्याजवळ ठेवलेला माइक तीक्ष्ण आवाज देतो, कडेला सरकवला की तोच आवाज मऊ होतो. बहुतेक मॉडेलरांत ही जागा बदलता येते आणि बहुतेक जण ती कधीच बदलत नाहीत.

११/ दुसरा प्रश्न : कुठे? आपण ध्वनिमुद्रिकेवर गिटार ऐकतो तेव्हा ॲम्प थेट ऐकत नसतो. एका खोलीतल्या ॲम्पसमोर ठेवलेल्या माइकने जे टिपले ते ऐकत असतो. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ साली आलेला माइक आजही त्या कामी सर्वत्र दिसतो. स्पीकर, पेटी, माइक आणि खोली यांचा एकत्रित ठसा एका लहानशा ध्वनिफायलीत साठवता येतो. तिला ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. हा शिलालेखावरून घेतलेल्या ठशासारखा प्रकार आहे. ठसा कागदावर असतो, पण दगडाचा खडबडीतपणा त्यात उतरलेला असतो.

१२/ हा ठसा एकदाच घ्यावा लागतो, दोनदा घेतला तर अक्षरे पुसट होतात. मॉडेलरमधून थेट मिक्सर किंवा पीए सिस्टीमला जोडत असाल तर स्पीकरची प्रतिकृती चालू हवी. मॉडेलरचा संकेत खऱ्या गिटार-स्पीकरच्या पेटीला देत असाल तर ती बंद हवी. चालू ठेवून खऱ्या पेटीत सोडली तर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो. बंद ठेवून पीएला दिली तर पत्र्यावर माश्या भणभणल्यासारखा. ‘डिजिटल आवाज वाईट’ या तक्रारीचे एक मोठे कारण इतके साधे असते.

१३/ तो भणभणाट का होतो? गिटारसाठी बनवलेला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या पुढे झपाट्याने मंदावतो. पीएचा स्पीकर वीस हजारांच्या आसपास पोहोचू शकतो. व्हॉल्व्ह विकृतीतून जन्मलेले तीक्ष्ण स्वनांश जुन्या स्पीकरमध्ये आपोआप गाळले जात. पीएवर ते सगळे उघडे पडतात. म्हणून वरचा भाग सहा ते आठ हजार हर्ट्‌झच्या दरम्यान कापून पाहावा आणि खालचा ऐंशी ते शंभरच्या आसपास. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्‌झवर वाजते. त्याखाली जे उरते ते बहुतांशी घुमणेच असते. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. तिथून सुरुवात करून कानाने ठरवावे.

१४/ तिसरा प्रश्न : केव्हा, म्हणजे किती मोठ्या आवाजात? १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की, हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज, आणि काहीशी तारही, कमी ऐकू येते; आवाज वाढला की ती आपोआप पुढे येते. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात टोन लावणारा माणूस नकळत ही तूट भरून काढतो : बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधला भाग घटवतो. तोच टोन मैदानात दहापट जोराने वाजला की खर्ज गढूळ होतो, तार टोचते आणि मधे पोकळी राहते.

१५/ माझ्या फजितीचा उलगडा इथे झाला. गिटारचा जीव मध्यसप्तकात आहे, साधारण चारशे ते तीन हजार हर्ट्‌झ या पट्ट्यात. खाली बास आणि ढोल यांचे राज्य, वर झांजांचे. मी माझा स्वतःचा प्रदेश रिकामा करून दुसऱ्यांच्या मुलखात फौज धाडली होती. संबळवाले बाबा मैदानावर वाद्य लावतात याचे शास्त्रीय कारण हेच. तुम्हांला तशी सोय नसेल तर निदान दिवसा, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन, कार्यक्रमाइतक्या मोठ्या आवाजात एकदा तरी टोन तपासा. एकट्याने वाजवताना तो किंचित नाकातला वाटला, तर वाद्यवृंदात तो बहुधा बरोबर बसेल.

१६/ आता साधनाची भाषा. मोडी कागदावर शुहूर सन असेल आणि तुम्ही तो इसवी सन समजून वाचला, तर निष्कर्ष सहा शतकांनी चुकतो. ॲम्पवरच्या आकड्यांचेही तसेच आहे. फेंडर आणि मार्शलच्या जुन्या मंडलांत बास, मिडल आणि ट्रेबल एकमेकांत गुंतलेले आहेत. एक फिरवला की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. काटा पाचवर म्हणजे ‘तटस्थ’ असे तिथे मुळीच नसते. व्हॉक्स एसी ३० या इंग्लिश ॲम्पवर ‘कट’ नावाचे बटण आहे. ते वाढवले की तार वाढत नाही, कमी होते. उलटे वाचणाऱ्याला तो ॲम्प कर्कश वाटतो आणि दोष मात्र मॉडेलला मिळतो.

१७/ आणखी एक महत्त्वाची बाब. १९६० च्या दशकातल्या अनेक ॲम्पांना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. विकृती हवी तर आवाज वाढवण्यावाचून मार्ग नव्हता. १९६६ साली लंडनमध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सच्या तबकडीचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा एरिक क्लॅप्टन यांनी मार्शल ॲम्प स्टुडिओत अतिशय मोठ्याने वाजवण्याचा हट्ट धरला. तो जाड, गाता टोन विद्युतशक्तीच्या शेवटच्या टप्प्यातून आणि थकलेल्या स्पीकरमधून आला होता. म्हणून अशा ॲम्पच्या प्रतिकृतीत यंत्राने मास्टर दिलाच असेल, तर तो बराच वर ठेवावा आणि गेन कमी करावा.

१८/ गेन निम्मा करा, हा एकच सल्ला लक्षात राहिला तरी हा धागा सार्थकी लागला असे मी मानीन. जुन्या तबकड्यांवर जो दणकट आवाज ऐकू येतो त्यात विकृती आपल्या समजुतीपेक्षा खूप कमी असते. एकच तुकडा दोनदा वाजवून एकावर एक बसवल्यामुळे तो भरीव वाटतो. जास्त गेनमध्ये तारेवरचा आघात हरवतो, आणि आघात हरवला की बोटांचे व्यक्तिमत्त्व हरवते. घुमाऱ्याचेही तसेच. सभागृहाला, मैदानाला स्वतःचा घुमारा असतोच. त्यावर यंत्रातला ओतणे म्हणजे मूळ कागदावर नव्या शाईने गिरवण्यासारखे आहे.

१९/ ‘गणिताने बनवलेल्या आवाजात प्राण नसतो’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्याकडे त्याचा एक जुना दाखला आहे. मिरजेत १९ व्या शतकापासून तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून ती आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा सारा जादूचा भाग जवारीत आहे : घोडीच्या पृष्ठभागाला दिलेला सूक्ष्म बाक आणि तारेखाली सरकवलेला दोरा. त्यामुळे तार घोडीला निसटता स्पर्श करते आणि एका स्वरातून अनेक स्वनांश उमलतात.

२०/ व्हॉल्व्हची विकृती वेगळ्या मार्गाने तेच करते. शुद्ध स्वरात ती नवे स्वनांश मिसळते. १९७९ साली बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आज तर मोबाइलमध्येही तंबोरा असतो. रियाजाला तो घराघरांत स्थिरावला, आणि तरीही मैफलीत गायकामागे दोन मिरजी तंबोरे दिसले की श्रोते सुखावतात. एकाने दुसऱ्याला संपवले नाही. आपण दोघांच्या मर्यादा ओळखून घेतल्या. मॉडेलरकडेही असेच पाहावे. पहाटे चारला कोणाची झोप न मोडता सराव करायचा, एसटीतून एका पिशवीत सारे सामान न्यायचे, वीज गेली तर बॅटरीवर वाजवायचे, यात तो श्रेष्ठ आहे. छातीवर आदळणारी हवा मात्र त्याच्या हेडफोनमधून मिळणार नाही.

२१/ या प्रतिकृतींच्या इतिहासाचा आलेख थोडक्यात देतो. १९८९ मध्ये टेक २१ कंपनीचा सॅन्सॲम्प आला. तो डिजिटल नव्हता, पण ॲम्पची नक्कल करण्याची कल्पना त्याने रुजवली. १९९५ मध्ये रोलँडचा व्हीजी ८, १९९६ मध्ये लाइन ६ चा ॲक्सिस २१२ आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स. २०११ मध्ये जर्मनीतल्या केम्परने तुमच्याच ॲम्पचा ठसा घेणारे यंत्र आणले. २०१६ मध्ये बॉसच्या कटानामुळे सराव करणाऱ्यांनाही हे तंत्र परवडू लागले. आता ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’सारखी मुक्त आज्ञावली फुकट मिळते आणि संगणक वापरून कोणीही ॲम्पचा ठसा घेऊ शकतो.

२२/ इथे मी मूळ मुद्द्याकडे येतो. ही यंत्रे म्हणजे अभिलेखागारे आहेत, आणि प्रत्येक अभिलेखागाराबद्दल विचारावा लागतो तो प्रश्न इथेही विचारला पाहिजे : यात काय जपले गेले आणि काय वगळले गेले? माझ्या ॲम्पच्या यादीत लंडन आहे, कॅलिफोर्निया आहे, जर्मनी आहे. मुंबई नाही. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘दम मारो दम’चा गिटारचा तो प्रारंभ भूपिंदर सिंग यांनी वाजवला. तो साऱ्या देशाच्या कानांत आहे. राहुलदेव बर्मन यांच्या कित्येक गाण्यांचे ध्वनिमुद्रण जिथे झाले त्या ताडदेवच्या फिल्म सेंटरची खोली मात्र माझ्या यंत्रातल्या एकाही ठशात नाही.

२३/ कोणी कट करून हे वगळले असे नाही. ज्यांनी यंत्रे बनवली त्यांनी आपल्या आठवणीतले ॲम्प जपले, इतकेच. परवान्यांच्या काळात परदेशी ॲम्प आणणे आपल्याकडे जिकिरीचे होते. जे मिळाले त्यावर, दुरुस्त केलेल्या, जुळवलेल्या सामग्रीवर आपल्या वादकांनी आवाज घडवला. जुळवाजुळव करून घडलेला हा आवाज मार्शलच्या पहिल्या ॲम्पइतकाच अस्सल होता. फरक असा की मार्शलचे मंडल कागदावर उतरले, त्याच्या सुट्या भागांची नोंद राहिली. आपल्याकडच्या जुळवाजुळवीची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

२४/ ताडदेव तर दूरच. माझ्या घरापासून सप्तशृंगगड जवळ आहे. चैत्रात आणि नवरात्रात त्या वाटेवर संबळ वाजतो. मार्गशीर्षात आमच्या आदिवासी पाड्यांवर डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. आता लग्नाच्या मिरवणुकीत ऑक्टोपॅडवर काठी पडली की ‘संबळ’ वाजतो. तो संबळ कोणाचा? कोणत्या गावचा, कोणत्या हातांचा, कोणत्या ऋतूतल्या चामड्याचा? त्या ध्वनिफायलीवर नाव नाही, ठिकाण नाही, तारीख नाही. इतिहासाच्या भाषेत ते बेवारस साधन आहे. उद्या खरा संबळ थांबला, तर पुढची पिढी या बेवारस ठशालाच संबळ समजेल.

२५/ ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मित्रांना मी बोल लावत नाही. त्यांचे पोट त्यावर आहे आणि ते ते काम कौशल्याने करतात. माझी तक्रार आपल्याविषयी आहे, इतिहासाचा ध्यास घेतलेल्या तरुणांविषयी. आपण वीरगळांची छायाचित्रे काढतो, ताम्रपटांचे वाचन करतो, बारवांची मोजमापे घेतो. आवाजाची नोंद मात्र आपल्याला साधन वाटतच नाही. जे साधन दगडाचे नाही, कागदाचे नाही, ते सर्वांत आधी नाहीसे होते, हे ठाऊक असूनही.

२६/ करता येण्यासारखे काय आहे? आज एक साधा माइक, मोबाइल किंवा संगणक एवढ्यावर चांगली नोंद होते. वादकाची परवानगी घ्यावी. डोंगऱ्यादेवाची पावरी ही उपासनेचा भाग आहे. तिथे नकार मिळाला तर तो नकार हीच नोंद समजून परत फिरावे. परवानगी मिळाली तर प्रत्येक नोंदीसोबत पाच गोष्टी लिहाव्यात : वादकाचे त्याला मान्य असेल तसे नाव, गाव, तारीख आणि ऋतू, वाद्य कशाचे आणि कोणी बनवले, माइक कोणता आणि किती अंतरावर. त्या ध्वनीतून पुढे कोणी पैसा मिळवला, तर त्यात वादकाचा वाटा असावा, हेही आधीच बोलून घ्यावे.

२७/ आणि गिटार वाजवणाऱ्यांनो, आज रात्री एवढे करून पाहा. सर्व परिणाम बंद करा. एकच ॲम्प निवडा आणि त्याचा इतिहास वाचा : कोणत्या साली, कोणासाठी, कोणत्या स्पीकरसह तो बनला. त्याच जातीची पेटी लावा. गेन निम्मा करा. माइक थोडा कडेला सरकवा. मिडल वाढवा. मग दिवसा मोठ्या आवाजात, शक्यतो दुसऱ्या वाद्याच्या सोबत ऐका आणि एका वेळी एकच बटण हलवा. महिनाभर त्या एकाच ॲम्पवर राहा. एका दप्तरात महिना काढणारा अभ्यासक दहा दप्तरे चाळणाऱ्यापेक्षा अधिक जाणतो.

२८/ मागच्या नवरात्रात मी त्याच गावी पुन्हा वाजवले. दुपारीच मैदानात जाऊन टोन लावला. यंत्र तेच, गिटार तीच. घरी हेडफोनमध्ये तो टोन कोरडा आणि किरकोळ वाटला असता. रात्री तो कीबोर्ड आणि संबळ यांच्या मधल्या जागेत स्वच्छ ऐकू आला. बाबांनी मानेनेच ‘बरं आहे’ अशी खूण केली. नंतर त्यांच्या परवानगीने मी त्यांच्या संबळाची पहिली नोंद केली. फायलीवर त्यांचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि आश्विनातली थंडी, सारे लिहिले आहे. पुढल्या धाग्यात संबळाच्या इतिहासाविषयी लिहीन. तोवर तुमच्या गावी कोणता आवाज विरत चालला आहे, ते खाली जरूर लिहा.